शाळा, उपासना आणि तंजावरचे वेदनायकम शास्त्री

तंजावरचे सरफोजीराजे म्हटले की मराठी वाचकाला सरस्वतीमहाल आठवतो. परंतु या राजाला लहानपणी ज्याने सांभाळले आणि शिकविले, तो श्वार्ट्‌झ नावाचा जर्मन पाद्री होता, लूथरपंथी. त्याच पाद्र्याच्या हाताखाली राजाच्याच वयाचा एक तमिळ मुलगा शिकत होता. वेदनायकम त्याचे नाव. राजा अखेरपर्यंत हिंदू राहिला, वेदनायकम ख्रिस्ती. पण दोघांचा स्नेह जन्मभर टिकला.

लूथरपंथात उपासना आणि शाळा ही जोडी मुळापासूनची. मार्टिन लूथरने १५२६ साली जर्मन भाषेतील उपासनाविधी प्रसिद्ध केला. लोकांनी नुसते ऐकत बसू नये, स्वतः गावे, हा त्याचा आग्रह. पण पुढे सॅक्सनीतील खेड्यापाड्यांची पाहणी करताना त्याला दिसले की शेतकऱ्यांना साधी प्रार्थना येत नाही, आणि कित्येक पाद्र्यांना ती शिकविताही येत नाही. म्हणून १५२९ मध्ये त्याने प्रश्नोत्तरांची एक लहानशी पोथी लिहिली. घरच्या कर्त्याने ती मुलाबाळांना, गडीमाणसांना शिकवावी अशी योजना होती.

ही रीत हिंदुस्थानात आली ती तरंगंबाडीच्या डॅनिश वखारीतून. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाउ हे दोन जर्मन तरुण १७०६ च्या जुलैत तेथे उतरले. त्सीगेनबाल्गने एका तमिळ पंतोजीची शाळाच आपल्या घरी आणविली आणि पोरांच्या शेजारी मांडी घालून वाळूत अक्षरे गिरविली! मुलींसाठी शाळा निघाली, छापखाना आला, तमिळ नवा करार छापून झाला, १७१६ मध्ये शिक्षक-उपदेशक तयार करणारे विद्यालय उघडले. १७३३ साली आरोन हा पहिला तमिळ लूथरपंथी पाद्री झाला. एवढे सगळे झाले, तरी उपासनेतील गीतांचे शब्द तमिळ आणि चाल जर्मन, असाच प्रकार बहुतांशी राहिला. तमिळचे ऱ्हस्वदीर्घ त्या परक्या चालीत बसविताना गाणाऱ्यांची काय तारांबळ उडत असेल, याची कल्पना आपल्याला करता येते.

वेदनायकमने ही गाठ सोडविली. तो तंजावरच्या मिशनशाळेचा मुख्य शिक्षक झाला आणि कर्नाटक संगीताच्या रागतालात ख्रिस्ती पदे रचू लागला. १८०० साली त्याने ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या भटक्या बाईच्या तोंडचे संगीतनाट्य, लोकांच्या ओळखीचे. त्यात ख्रिस्तकथेच्या जोडीला त्याने नवे खगोलशास्त्रही घातले. मौज अशी की ‘देवेंद्र कुरवंजी’ हे पृथ्वीचा भूगोल सांगणारे मराठी नाटक सरफोजींच्या नावावर आहे. एकाच गुरूच्या या दोन शिष्यांना गाण्यातून शिकविण्याचे मर्म कळले होते.

श्वार्ट्‌झ १७९८ मध्ये वारला. त्याच्या अंत्यकाळी राजा त्याचा हात धरून उभा आहे, असे शिल्प सरफोजींनी इंग्लंडात फ्लॅक्समनकडून करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. पुढच्या पिढीचे मिशनरी मात्र निराळ्या वळणाचे निघाले. त्यांनी बायबलचे नवे भाषांतर पुढे केले, सणासमारंभातील फुले बंद केली, तमिळ पदे उपासनेतून काढली आणि जातीजातींनी वेगळे बसू नये असे फर्मावले. शास्त्रीबुवांनी या चारही गोष्टींना कडाडून विरोध केला.

येथे त्यांचा कैवार सरसकट घेता येत नाही. पदांच्या बाबतीत न्याय त्यांच्या बाजूला होता. ज्या सुरात माणूस रडतो-हसतो तोच सूर देवापुढे नको म्हणणे हे लूथरच्याच शिकवणीला सोडून होते. परंतु प्रभूच्या पंक्तीत जातीची ओळ वेगळी राहावी हा त्यांचा हट्ट समर्थनीय नव्हता. वेल्लाळ कुळाचा अभिमान त्यांना सोडता आला नाही. मिशनऱ्यांचेही चुकले ते असे की त्यांनी फुले, गाणी आणि जात यांची एकच मोट बांधली; त्यामुळे गाण्यासाठी भांडणारा माणूस जातीसाठीही तितक्याच त्वेषाने भांडला.

१८२९ मध्ये शास्त्रीबुवांची मिशनची नोकरी गेली. तेव्हा सरफोजींनी त्यांना दरबारी कवी म्हणून आश्रय दिला. तीनच वर्षांनी राजे निवर्तले. शास्त्रीबुवा १८६४ पर्यंत जगले, आणि त्यांची पदे आजही तमिळ ख्रिस्ती मंदिरांतून गायिली जातात.