वायदाची वीट

फेब्रुवारी १९७७. वॉर्साच्या नव्या गावातला चौक. ‘वॉर्स’ थिएटरबाहेरच्या रांगेत तुम्ही उभे आहात. थंडीने पाय बधिर झालेत, रांग काही सरकत नाही. भोवतालच्या जुन्यापुराण्या दिसणाऱ्या इमारतींना फसू नका. १९४४चा उठाव मोडल्यावर जर्मनांनी हे शहर जमीनदोस्त केलं होतं. डोळ्यांसमोर आहे ते सगळं त्यानंतर विटेवर वीट ठेवून पुन्हा उभारलेलं.

रांगा इथे रोजच्याच. साखर तर ऑगस्टपासून कूपनावर मिळते. आजची रांग मात्र आंद्जेई वायदाच्या ‘मॅन ऑफ मार्बल’साठी आहे. अख्ख्या राजधानीत सरकारने या सिनेमाला एवढं एकच थिएटर दिलंय, त्यामुळे तिकिटांचा काळाबाजार तेजीत. गेल्या जूनमध्ये भाववाढीविरुद्ध रादोम आणि उर्सुसचे कामगार रस्त्यावर उतरले आणि पोलिसांचा मार खाऊन परतले. त्याबद्दल रांगेत कोणी मोठ्याने बोलत नाही. तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. तिकडे आपल्याकडे आणीबाणी अजून उठलेली नाही.

आत अंधार होतो. आग्न्येश्का नावाची फिल्मस्कूलची पोरगी जीन्स घालून, सिगारेट फुंकत, लांब ढांगा टाकत पडद्यावर येते. क्रिस्तिना यांदाचा हा पहिलाच मोठा सिनेमा, पण ती पडदा अडवून टाकते. तिला शोधायचाय मातेउश बिर्कुट: पन्नाशीच्या दशकात नोवा हुता या पोलादनगरीच्या बांधकामावर विक्रमी विटा रचून गाजलेला गवंडी. त्याचा संगमरवरी पुतळा संग्रहालयाच्या कुलूपबंद खोलीत आडवा पडलाय. ती चोरून आत शिरते आणि कॅमेरा सरळ स्वतःच्या हातात घेते.

मग जुनी कृष्णधवल प्रचारफिल्म लागते. निवेदकाचा तो छाती फुगवलेला सूर ऐकून सभागृहात खसखस पिकते. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने तो सूर शाळेत, कारखान्यात, कर्ण्यावर ऐकलाय. फिल्म वायदाने हुबेहूब बनवलीय आणि तिच्या श्रेयनामावलीत सहायक दिग्दर्शक म्हणून स्वतःचंच नाव घातलंय. त्या काळात आपणही होतो, हे तो असं मिश्किलपणे कबूल करतो.

विटा हातोहात पुढे सरकताहेत. बिर्कुटच्या हाती कोणीतरी तापवून लाल केलेली वीट देतं. हसू थांबतं.

मला विचाराल तर वायदाच्याच आधीच्या ‘लोत्ना’ सिनेमातल्या घोडदळापेक्षा हा भाजल्या हातांचा गवंडी जास्त पोलिश आहे. पराभूत शूरांवर वायदाने आधी पुष्कळ सिनेमे काढले. त्या जखमांवर देशाला मिरवता येत होतं. ही जखम घरातली, आपल्याच लोकांनी केलेली.

शेवटाकडे नीट लक्ष द्या. ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्याच्या फाटकावर आग्न्येश्काला बिर्कुटचा मुलगा भेटतो. वडील वारले, एवढंच तो सांगतो. कधी, कसे, पडद्यावर काही नाही. ती थडगं शोधायला कब्रस्तानात जाते, सापडत नाही म्हणून फुलं फाटकात अडकवते, हा प्रसंग वायदाने चित्रित केला होता. तो सेन्सॉरने कापला. पण तुमच्या शेजारच्या बाई ‘ग्दान्स्क’ ऐकताच मान खाली घालतात. डिसेंबर १९७०मध्ये तिथे सैन्याने कामगारांवर गोळ्या चालवल्या, हे या अंधारात बसलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. कात्रीने नेलेलं रीळ प्रेक्षकांनी आपापल्या डोक्यात जोडून घेतलं. परदेशी समीक्षक याला संयमित शेवट म्हणेल. बिचाऱ्याला कापाकापी कळायची नाही.

आता थोडं पुढे सरका. सप्टेंबर उजाडलाय, ग्दान्स्कमध्ये पोलिश चित्रपटांचा महोत्सव आहे. अधिकृत बक्षिसांत ‘मॅन ऑफ मार्बल’ कुठेच नाही. पत्रकारांना मात्र आपला पुरस्कार त्यालाच द्यायचाय, आणि व्यासपीठावर देता येत नाही म्हणून ते वायदाला जिन्यात गाठतात. हातात ठेवतात रिबीन बांधलेली एक वीट.

तिथून तीन वर्षं ओलांडली की ऑगस्ट १९८०. त्याच कारखान्यात संप पेटलाय. भेटीला आलेल्या वायदाला एक कामगार सांगतो, आता आमच्यावर काढा, नाव ठेवा ‘मॅन ऑफ आयर्न’. तो सिनेमा १९८१मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवतो. कापलेला कब्रस्तानाचा प्रसंग वायदाने त्यात परत घातलाय.