लोक हसले म्हणून कोणी फारिया होत नाही

चुंबकाने रोग बरे होतात, पिरॅमिडच्या आकारात शक्ती असते, पाण्याला आठवण असते... असल्या विषयांवर तावातावाने वाद घालणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. देवळाच्या मंडपात, लग्नाच्या पंगतीत हा वाद रंगतो आणि पुरावा मागणारा जरा वरचढ होऊ लागला की समोरचा हुकमाचे पान टाकतो, "आबे फारियांनाही जग हसलेच होते!" ऐकणारा गोंयकार असला की तो गप्प बसतो. फारियांचे नाव निघाल्यावर बोलायचे काय? पण हे पान खरेच हुकमाचे आहे का, ते एकदा तपासून पाहायला हवे. त्यासाठी फारियांच्या व्याख्यानांच्या तीसेक वर्षे आधीच्या पॅरिसमध्ये जावे लागेल.

1778 साली मेस्मर नावाचा डॉक्टर व्हिएन्नाहून पॅरिसला आला. साऱ्या विश्वात एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, तो शरीरात अडला की रोग होतो आणि तो वळवण्याची शक्ती आपल्या अंगी आहे, असे त्याचे म्हणणे. याला तो 'प्राणिज चुंबकत्व' म्हणे. ओकच्या लाकडाच्या मोठ्या पिंपाभोवती रोगी बसत, पिंपातून निघालेल्या लोखंडी सळ्या दुखऱ्या भागाला लावत आणि बघता बघता कोणाला झटके येत, कोणी बेशुद्ध पडे. बरे वाटल्याचे सांगणारेही पुष्कळ होते.

शेवटी 1784 साली सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. मेस्मर स्वतः लांब राहिला, त्याचा शिष्य देस्लों प्रयोगाला आला. फ्रँकलिनच्या पासी येथील बागेत देस्लोंने एका झाडात हा 'द्रव' भरला. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडाकडे नेले. चौथ्या झाडापाशी मुलगा बेशुद्ध पडला. भारलेले झाड मात्र वेगळेच होते, तिथपर्यंत तो पोचलाच नव्हता! समितीने निकाल दिला, द्रव वगैरे काही नाही, घडते ते कल्पनेमुळे.

निकाल बरोबर होता, पण एक प्रश्न शिल्लक राहिला. नुसत्या कल्पनेने धडधाकट मुलगा बेशुद्ध पडत असेल, तर ही कल्पना आहे तरी काय? सालच्या जत्रेत गड्यांवर येणारा भार ज्याने पाहिला आहे, त्याला हा प्रश्न फिजूल वाटणार नाही. समितीने जिथे कागद मिटले, तिथूनच आपल्या फारियांनी सुरुवात केली.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म 1756 साली बार्देशातल्या कांदोळीचा. वडील कोलवाळचे. 1771 मध्ये वडिलांबरोबर ते लिस्बनला गेले, रोममध्ये शिकून पाद्री झाले आणि पुढे पॅरिसला पोचले. लिस्बनच्या राणीसमोर प्रवचन देताना ते गांगरले आणि वडिलांनी खालून "ही सगळी भाजी, कातर रे भाजी" म्हणून धीर दिला, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. ती दंतकथा असेलही. पण एका शब्दाने मन कसे पालटते, हाच तिचा विषय आहे.

ऑगस्ट 1813 मध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्यांची जाहीर व्याख्याने सुरू झाली. प्रवेश पाच फ्रँक. पिंप नाही, सळ्या नाहीत. माणसाला खुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे आणि मग मोठ्याने म्हणायचे, "झोपा!" काही जण झोपत, काही झोपत नसत. द्रवाचे सारे सामान बाजूला सारूनही झोप लागते, म्हणजे तिचे कारण झोपणाऱ्याच्याच ठायी आहे, झोपवणाऱ्याच्या अंगात कसलीही दैवी शक्ती नाही, असे ते स्वतःच सांगत. आपल्याच अंगची जादू आपणच नाकारणारा असा माणूस विरळा!

परिणाम काय झाला? द्रववाले चिडले, कारण त्यांचा द्रव गेला. धर्मगुरूंना यात सैतान दिसला. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत त्यांची फजिती केली, असे सांगतात. 1816 मध्ये तर त्यांच्यावर प्रहसनच आले. 20 सप्टेंबर 1819 रोजी ते वारले. त्यांच्या ग्रंथाचा पहिलाच खंड त्या वर्षी निघाला होता, पुढचे निघालेच नाहीत.

म्हणजे जग हसले हे खरेच. पण फारियांचेही सगळेच बरोबर नव्हते. ज्यांचे रक्त पातळ, त्यांना ही झोप लवकर लागते असे ते मानत; ते टिकले नाही. टिकली ती सूचनेची कल्पना. त्यांचे प्रयोग पाहणाऱ्या नोआझे या लष्करी अधिकाऱ्याने ती लिहून पुढे नेली आणि शतकाच्या उत्तरार्धात नान्सीच्या लिएबो व बर्नहाइम या डॉक्टरांनी तिच्यावर उपचारपद्धती उभारली. 1906 साली डॉ. दालगाद या गोमंतकीय डॉक्टराने फारियांचा ग्रंथ पुन्हा छापला, 1925 मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. या मोनिझना 1949 चे नोबेल मिळाले ते मेंदूतले तंतू कापून मनोरोग बरा करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. ती शस्त्रक्रिया पुढे वैद्यकाने टाकून दिली. हसण्याने कल्पना खरी ठरत नाही, तशी ती नोबेलनेही ठरत नाही!

मग ठरते कशाने? पासीच्या बागेतल्या त्या डोळ्यांवरच्या पट्टीने. 2008 मध्ये जयंत नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतरांसह पुण्यात हीच पट्टी ज्योतिषाला बांधली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, नावे झाकली आणि ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर आलेली सरासरी 46 टक्के! नाणे उडवले असते तरी पन्नासाच्या आसपास आली असती.

तेव्हा वादात कोणी फारियांचे नाव घेतले तर गप्प बसण्याचे कारण नाही. फारियांनी पिंप काढून पाहिले होते. तुम्ही तुमचे चुंबक, तुमचा पिरॅमिड काढून पाहिलात का, एवढेच विचारावे.