उड्डाणासाठी कल्पिलेले चाक

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिला अग्निबाण झेपावला. त्या आरंभीच्या वर्षांत अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात. तो भार ज्या बारीक तारांच्या चाकांनी पेलला, त्या चाकाची कल्पनाही उड्डाणाच्या ध्यासातूनच जन्मली होती.

बैलगाडीचे आरे दाब सोसतात, म्हणून ते जाड लाकडाचे असावे लागतात. इंग्लंडच्या जॉर्ज केली यांना उडत्या यानासाठी हलके चाक हवे होते. १८०८ मध्ये त्यांनी आऱ्यांच्या जागी ताणलेली दोरी कल्पिली. पुढे दोरीची जागा तारेने घेतली. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी तारा तुंब्याला स्पर्शिकेच्या दिशेने जोडण्याचे पेटंट घेतले. आजही सायकलवर भार आला की खालच्या तारांचा ताण किंचित कमी होतो आणि चाक तो भार पेलते.

प्रत्येक तारेचा ताण स्वतंत्रपणे बदलता येतो, म्हणूनच हे चाक घरीही दुरुस्त होते. सायकल उलटी ठेवून चाक फिरवावे. रिंग जेथे डावीकडे झुकते, तेथील उजव्या बाजूच्या तारांची निपले पाव फेरा आवळावीत, डावीकडची तेवढीच सैल करावीत. सैल तार छेडल्यास खालचा स्वर देते. रिंगचा 'आऊट' काढणारा कारागीर तो कानाने ओळखतो.

थुंब्याच्या इतिहासात सायकलचे छायाचित्र आहे; तिचे चाक सरळ राखणाऱ्या हातांची नोंद मात्र नाही. ते ज्ञान लुप्त होण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी ती छोटी किल्ली एकदा हाती घ्यावी.