मार्शल लॉ ४९ दिवसांत उठला. पुढं काय?

दरवर्षी १२ जानेवारीला आम्ही पत्रकार चार हुतात्मा पुतळ्यांपाशी जातो. हार, अभिवादन, फोटो, बातमी संपली. १२ मे ही तारीख मात्र आपल्यापैकी किती जणांना आठवते?

मे १९३०. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला. पुढचे तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच नव्हता, हे आपण आजही अभिमानाने सांगतो. त्याचीच शिक्षा म्हणून १२ मेला मार्शल लॉ आला. तिरंगा आणि गांधी टोपीसुद्धा गुन्हा ठरली. गंमत बघा, व्हाइसरॉय आयर्विन यांचा वटहुकूम निघाला १५ मेला. म्हणजे आधी फौज, मग कायदा!

तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते सर फ्रेडरिक साइक्स. मार्शल लॉ कुठलाही असो, त्यात एक वायदा असतोच: हे तात्पुरतं आहे, शांतता झाली की मुलकी कारभार परत देऊ. हवाईमध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच दिवशी, ७ डिसेंबर १९४१ ला, गव्हर्नरने कारभार लष्कराकडे दिला. तो पूर्ण परत यायला ऑक्टोबर १९४४ उजाडला. तिथं निदान खरोखरचं युद्ध तरी होतं. सोलापुरात कुठलं युद्ध होतं?

आपल्याकडे ३० जूनला मार्शल लॉ उठला. वायदा पाळला म्हणायचं का?

मंगळवार पेठ चौकीतल्या पोलिसांच्या खुनाचा आरोप मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यावर ठेवला गेला. खटला लष्करापुढे नाही, रीतसर कोर्टात चालला. हायकोर्टानेही फाशी कायम केली. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फासावर चढवलं. त्यातले कुर्बान हुसेन तर आमच्याच धंद्यातले, ‘गझनफर’ पत्राचे संपादक.

म्हणजे फौज गेली तेव्हा भीती गेली नाही, फक्त तिचा गणवेश बदलला. लोकांनी न निवडलेलं सरकार मुलकी असलं काय, लष्करी असलं काय, हिशेब तोच.

म्हणून कुठलंही सरकार ‘हे तात्पुरतं आहे’ म्हणालं, की ते कधी उठणार एवढंच विचारू नका. उठल्यावर मागे काय उरणार, तेही विचारा.

तुमच्या घरात मार्शल लॉच्या दिवसांच्या आठवणी सांगितल्या जात असतील तर खाली जरूर लिहा.