काँक्रीट फिनिशर : बांधकाम क्षेत्रातील एक स्वतंत्र कौशल्य

रस्ता, गोदामाची फरशी किंवा इमारतीचा स्लॅब किती वर्षे टिकेल, हे केवळ सिमेंटच्या दर्जावर ठरत नाही. त्यावर अखेरचा हात कोणी आणि केव्हा फिरवला, यालाही तेवढेच महत्त्व असते. ओतलेले काँक्रीट समपातळीत आणून त्याचा पृष्ठभाग घट्ट व सलग करणाऱ्या कारागिराला काँक्रीट फिनिशर म्हणतात. भारतात हे काम बहुधा गवंडीच करतात. मात्र काँक्रीटचे महामार्ग, मेट्रो आणि औद्योगिक गोदामे यांच्या उभारणीमुळे त्याला स्वतंत्र व्यवसायाचे रूप येत आहे.

कामाचे स्वरूप

मिश्रण पसरून व्हायब्रेटरने त्यातील हवा काढल्यानंतर फिनिशरचे काम सुरू होते. साच्याच्या कडांवर सरळ पट्टी टेकवून ती मागेपुढे ओढली जाते आणि पातळी साधली जाते. त्यानंतर लाकडी रंधा व शेवटी पोलादी थापी फिरवली जाते. मोठ्या फरशीसाठी पॉवर ट्रॉवेल हे यंत्र वापरतात. ट्रिमिक्स पद्धतीत काँक्रीटवर विशिष्ट चटया अंथरून निर्वात पंपाच्या साहाय्याने जादा पाणी शोषून घेतले जाते. रस्त्यावर मात्र गुळगुळीतपणा धोक्याचा असतो. तेथे वाहनांच्या चाकांना पकड मिळावी म्हणून ओल्या पृष्ठभागावर ब्रशने रेषा उमटवल्या जातात.

वेळेचे भान

या व्यवसायातील खरे कौशल्य वेळ ओळखण्यात आहे. काँक्रीट ओतल्यावर जड कण खाली बसतात आणि पाणी वर येते. हे पाणी असतानाच थापी फिरवली किंवा ते टिपण्यासाठी वरून कोरडे सिमेंट भुरभुरले, तर वरचा थर कमकुवत होतो. पुढे त्यातून धूळ सुटते व पापुद्रे निघतात. उशीर झाल्यास पृष्ठभाग घट्ट होऊन थापी चालत नाही. पाण्याची चकाकी नाहीशी झाली आणि पाऊल टेकल्यावर केवळ उथळ ठसा उमटू लागला, की काम सुरू करावे, असा संकेत आहे. विदर्भातील मे महिन्यात आणि कोकणातील पावसाळ्यात ही वेळ सारखी नसते.

फिनिशिंगनंतर काँक्रीट ओले ठेवणेही आवश्यक असते. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटसाठी अथवा उष्ण व कोरड्या हवेत किमान १० दिवस पाणी देणे अपेक्षित आहे.

प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये गवंडीकामाचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. बहुतेक कारागीर मात्र मदतनीस म्हणून कामाला लागतात आणि वडीलधाऱ्या गवंड्यांच्या हाताखाली शिकतात. कौशल्य असूनही कागद नसल्याने अनेकांची गणना अकुशल कामगारांतच होते. किमान वेतनाचे दर अकुशल, अर्धकुशल व कुशल अशा वर्गवारीनुसार ठरत असल्याने हे नुकसान थेट मजुरीत दिसते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवातून मिळवलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली, ती याच कारणासाठी महत्त्वाची आहे.

आखाती देशांतही अशा कारागिरांना मागणी असते. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटामार्फतच जावे.

आरोग्य आणि सुरक्षा

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ते त्वचेवर राहिल्यास खोल जखमा होऊ शकतात व त्या सुरुवातीला जाणवतही नाहीत. त्यामुळे गमबूट, हातमोजे आणि गुडघ्यांना गादी आवश्यक आहे. वाळलेले काँक्रीट घासताना उडणाऱ्या सिलिकायुक्त धुळीमुळे सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसविकार होतो. पाणी मारून घासणे व योग्य मास्क वापरणे हाच त्यावरील प्रतिबंध आहे.

कल्याण मंडळाकडे नोंदणी

बांधकाम खर्चावर १ ते २ टक्के उपकर आकारून कामगार कल्याण निधी उभारण्याची व्यवस्था १९९६ च्या कायद्यांनी केली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ती पुढे चालू आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेला, ६० वर्षांखालील आणि मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेला कामगार नोंदणीस पात्र ठरतो. दर काही महिन्यांनी कामाची जागा आणि ठेकेदार बदलणाऱ्या फिनिशरला हे ९० दिवस सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून प्रत्येक काम संपताना कामाच्या दिवसांचा दाखला मागून घेणे त्याच्या हिताचे ठरते.