फळीतला गडी मायक्रोफोनपाशी

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रेक्षकांची नजर चेंडूवर असते. बचावाच्या पहिल्या फळीतल्या गड्याकडे फारसे कुणी पाहत नाही. समोरच्यांना रेटून चेंडू फेकणाऱ्याला गाठायचे, हे त्याचे काम. मर्लिन ओल्सन यांनी ते १९६२ ते १९७६ अशी पंधरा वर्षे लॉस एंजेलिस रॅम्ससाठी केले. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीही खेळता खेळताच मिळवली. निवडक खेळाडूंच्या ‘प्रो बोल’ सामन्यासाठी त्यांची लागोपाठ १४ वेळा निवड झाली. पण अजिंक्यपदाच्या ‘सुपर बोल’ने हुलकावणीच दिली. अखेरच्या तिन्ही हंगामांत संघ एका पायरीवर अडला.

पुढे ते एनबीसी वाहिनीवर समालोचक झाले. सहकारी डिक एनबर्ग काय घडले ते सांगत. ते का घडले, हे उलगडायचे काम ओल्सन यांचे. जानेवारी १९८१च्या सुपर बोलला ही जोडी मायक्रोफोनपाशी होती. खेळाडू म्हणून न गवसलेला सामना ओल्सन आता देशाला समजावून देत होते. २०१० साली ते गेले. चेंडू जिथे नसतो तिथेही सामना ठरत असतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?