वखारीला तट कसा आला

पावसाळा सरला की इंग्रजांची जहाजे सुरतेच्या किनाऱ्याला लागत आणि उन्हाळा तापण्याआधी परतत. तेवढ्या मुदतीत कापड, नीळ गोळा करायची तर अडलेल्याला चढा भावच मोजावा लागणार. म्हणून पोर्तुगीजांची जुनी रीत उचलून ईस्ट इंडिया कंपनीने माणसे मागे ठेवली. दलालामार्फत विणकरांना आगाऊ रक्कम द्यायची, भाव उतरला की माल भरून ठेवायचा, हे त्यांचे काम. १६१३ मध्ये मोगलांच्या परवानगीने सुरतेस अशी वखार निघाली. खाली कोठारे, वर राहण्याच्या खोल्या. इथे तटबंदीला मात्र वाव नव्हता.

तो मिळाला दक्षिणेत. मद्रासची जागा १६३९ मध्ये तिथल्या नायकाकडून मिळाली आणि तिथे किल्लाच उठला. सतराव्या शतकाच्या अखेरीस केरळात अंचुतेंगूला तेच झाले. आट्टिंगलच्या राणीने मिऱ्यांच्या व्यापारासाठी जागा दिली, कंपनीने तीवर कोट बांधला.

राणीला दरसाल नजराणा जात असे. पण वखारीचा मुख्य विल्यम गिफर्ड मिऱ्यांच्या व्यवहारात लबाडीसाठी बदनाम होता. एप्रिल १७२१ मध्ये तो सुमारे १४० माणसांनिशी नजराणा घेऊन आट्टिंगलला गेला. चिडलेल्या लोकांनी जवळजवळ सगळ्यांना कापून काढले आणि कोटाला वेढा घातला. गिफर्डची बायको कॅथरिन समुद्रमार्गे मद्रासला निसटली.

इन्स नावाच्या गोलंदाजाने कोट सुमारे सहा महिने लढवला. अखेर तेल्लिचेरीहून कुमक आली. लोक कोटाबाहेरच्या कंपनीला संपवू शकले, कोटाला नाही. समुद्राकडची वाट मोकळी होती, तोवर चार भिंती पुरेशा होत्या.

पण तट आला की शिबंदी येते, आणि शिबंदीला पगार लागतो. मिऱ्यांच्या नफ्यातून तो किती भागणार? १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क, मिळाली तेव्हा कंपनीला या खर्चासाठी नवा पैसा मिळाला. तिथल्या रयतेकडून वसूल केलेल्या साऱ्यातूनच तिथला मालही खरेदी होऊन विलायतेला जाऊ लागला. आगाऊ रक्कमही आता रयतच देत होती.